मी नेमकी कुठली मतदार?

परवा पणदऱ्याहून वहिनीचा फोन आला. आईची शुगर झाली, ऊसतोडीची टोळी आली की नाही ते झालं, शेजारच्या साखरपुड्याचं जेवण कसं होतं तेही झालं, आणि मग गाडी नेहमीप्रमाणं राजकारणावर घसरली. मी जरा तावातावानंच बोलले. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमचं बरं आहे. तिकडं बसून चिडायचं आणि फोन ठेवून द्यायचा. भोगायचं आम्ही."

फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण ते निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी आज लिहिते आहे.

मी इंग्लंडमध्ये लेस्टर नावाच्या शहरात राहते. नर्स आहे. येऊन सतरा-अठरा वर्षं झाली. नवऱ्यानं आणि मुलांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, मी अजून घेतलेलं नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे इथला पासपोर्ट घेतला की आपला परत करावा लागतो. मग ओसीआय कार्ड मिळतं, गावाला येता-जाता येतं, वारसानं आलेली जमीनही ठेवता येते. फक्त मतदान करता येत नाही. मुलगा विचारतो, "आई, तू तिथं मत द्यायला जातेस तरी का कधी?" त्याचंही बरोबर आहे.

बाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला गावच्या यादीत नाव लावायचा हक्क २०१० च्या कायद्यानं मिळाला. पासपोर्टवर जो पत्ता तिथला मतदार. सहा-अ नावाचा फॉर्म भरायचा. मी भरला. बीएलओ म्हणून आमच्याच गावातल्या अंगणवाडीच्या ताई घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "मावशी, ही खरंच येणार आहे का मताला, का उगाच?" आईनं सांगितलं, "येईल की, तिचं घर आहे." नाव लागलं. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर उभं राहावं लागतं. सैनिकांना पोस्टानं मत देता येतं, आम्हाला नाही. आमच्या वतीनं दुसऱ्या कुणी मत द्यावं असं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण पुढं लोकसभाच विसर्जित झाली आणि ते बारगळलं. २०२० मध्ये निवडणूक आयोगानं पोस्टाच्या मताचा प्रस्ताव दिला. २०२४ च्या लोकसभेला त्याचा काही उपयोग झाला नाही. तेव्हा आमच्यासारखे नाव लावलेले देशभरात सव्वा लाखाच्या आसपास होते. प्रत्यक्ष मत दिलं जेमतेम तीन हजारांनी, तेही बहुतेक सगळे केरळचे. केरळची मंडळी आखातातून तीन-चार तासांत घरी येतात. मला मे महिन्याचं तिकीट काढून, आठ दिवसांची रजा टाकून, मुंबईहून गाडी करून पणदऱ्याला यायचं तर एका मताची किंमत किती होते, ते तुम्हीच काढा.

आणि २०२४ चं साल आमच्याकडं कसं होतं ते बारामतीकरांना सांगायला नको. आदल्या वर्षी राष्ट्रवादी फुटली, आणि ७ मेला लोकसभेला सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद-भावजय, समोरासमोर. फोनवर इकडून मी आणि तिकडून वहिनी, आम्हीही नणंद-भावजयच! सुप्रियाताई दीड लाखांहून जास्त मतांनी आल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला काका-पुतण्या, अजित पवार आणि युगेंद्र पवार. तेव्हा याच मतदारांनी अजितदादांना लाखाच्या वर मतांनी निवडून दिलं. आईनं दोन्ही वेळा कुणाला मत दिलं ते आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. भावानं मात्र गाडीच्या काचेवर लावलं होतं, त्यामुळे मामाच्या घरी दिवाळीचा फराळ यंदा कुणी न्यायचा यावर दोन दिवस खल झाला.

माझी चिडचिड इथंच होते. दोन निवडणुका, महिनोन्महिने फोन, आणि विषय एकच, साहेब की दादा. निरा डाव्या कालव्याचं आवर्तन, माळेगाव कारखान्याचा दर, हे तरी निघतं, कारण ते पुरुषांच्या पारावरचे विषय. आईच्या शुगरची तपासणी, भाचीचं कॉलेज सुटल्यावर एसटी किती वाजता आहे, हे कुणी भाषणात काढलं नाही. लाडकी बहीण आली, ते चांगलं झालं, वहिनीच्या हातात पंधराशे रुपये स्वतःचे आले. निवडणुकीत एकवीसशेचं आश्वासनही मिळालं. पण २०२५ मध्ये ई-केवायसी करायची वेळ आली तेव्हा बहिणीच्या पैशासाठी नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार जोडायला सांगितलं. मी फोनवर संतापले. वहिनी म्हणाली, "लाईनीत दोन तास मी उभी होते. तुमचं बोलून होतं."

आता इकडची गोष्ट ऐका. ४ जुलै २०२४ ला ब्रिटनची निवडणूक होती. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, म्हणजे आपल्यालाही, इथं कायदेशीर राहत असलो तर पार्लमेंटसाठी मत देता येतं. कित्येक भारतीयांना हे माहीतच नाही. बूथवर फोटोचं ओळखपत्र लागतं, आणि आपला भारतीय पासपोर्ट चालतो. तोच पासपोर्ट, जो पणदऱ्याच्या शाळेत दाखवायला मला साडेसात हजार किलोमीटर यावं लागतं! इथं कोपऱ्यावरच्या शाळेत गेले, कागदावर पेन्सिलीनं फुली मारली, घरी येऊन भाजी फोडणीला टाकली. बोटाला शाई नाही, त्यामुळे मत दिल्यासारखं वाटलंच नाही. आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलेल्यांचं सरकार मी निवडते आणि माझ्या आईच्या गावचा खासदार निवडू शकत नाही.

म्हणजे इथं सुख आहे असं समजू नका. २०२० मध्ये कोविडच्या काळात दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात उभं राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टच्या खुनांनंतर दंगली झाल्या, तेव्हा सुंदरलँडमध्ये कामावर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसच्या टॅक्सीवर दगड पडले. आमच्या वॉर्डातल्या मुली आठवडाभर जोडीनं घरी जात होत्या. पुढच्या मे महिन्यात पंतप्रधान स्टार्मर भाषणात म्हणाले की नियम नसतील तर हा देश अनोळखी माणसांचं बेट होईल. पुढं त्यांनी या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला, पण ऐकायचं ते आम्ही ऐकलं होतं. मी त्यांच्याच पक्षाला मत दिलं होतं.

माझी एक मैत्रीण सांगलीकडची. २०२३ मध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये कामाला आली, नवरा आणि मुलगा बरोबर. तिच्यानंतर वर्षभरात नियम बदलला आणि केअरच्या व्हिसावर येणाऱ्यांना कुटुंब आणता येईनासं झालं. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी माणसं घेणंच बंद केलं. ती आली तेव्हा पाच वर्षांत कायम राहता येईल असं सांगितलेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं प्रस्ताव मांडला तो तिच्यासारख्यांना पंधरा वर्षांचा. नर्स, डॉक्टरांना पाचच. आम्ही म्हाताऱ्यांना औषध देतो, ती त्यांना अंघोळ घालते, एवढाच फरक. घर विकून आलेली बाई. मला विचारते, "तू सांग, पुढच्या वेळी मत कुणाला देऊ?" मला उत्तर देता आलं नाही. एक पक्ष कडक, तर दुसरा त्याहून कडक दिसायच्या मागं.

आणि आपलं तिकडचं भांडण इकडं येतंच. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस आशिया कपात भारत-पाकिस्तान मॅच झाली, आणि त्यानंतर सप्टेंबरात लेस्टरच्या रस्त्यांवर हिंदू आणि मुसलमान पोरं एकमेकांसमोर आली. मी रात्रपाळीवर होते. माझ्याबरोबर पाकिस्तानी घरातली एक सिस्टर, गेली नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो. आमच्याच शहरातले व्हिडिओ मला पहिल्यांदा कुणी पाठवले असतील? पणदऱ्याच्या भावानं. वर विचारतो, "तुम्ही काय करताय तिथं?" काय करणार बाबा, सलाईन बदलतेय!

तर वहिनीचं वाक्य. भोगायचं त्यानं मत द्यावं, हा तिचा हिशोब. ग्रामपंचायत, कारखाना यांच्यापुरता मला तो मान्य आहे. कारखान्याला पणदरे गटातून कोण जावं हे आईनं ठरवावं, तिच्या नावावर शेअर आहे, मी कोण सांगणार? पण लोकसभेचं तसं नाही. माझा पासपोर्ट, माझ्या पैशावरचा कर, माझ्या देशाचं इथल्या सरकारशी बोलणं, हे सगळं दिल्लीत ठरतं. तिथं मला पोस्टानं मत हवं. आणि तिचाच हिशोब इथं लावला तर माझी सांगलीची मैत्रीण या देशात सगळ्यांत जास्त भोगते, मग तिलाच "परत जा" का म्हणायचं?

हे मी वहिनीला दुसऱ्या दिवशी फोन करून ऐकवलं. ती कुकरची शिट्टी मोजत होती. म्हणाली, "बरं बाई, पटलं. पण मग या ना पुढच्या मताला. तिकीट काढा." मी म्हटलं, येते. "या. फक्त मत कुणाला देणार ते आल्या आल्या यांच्यासमोर बोलू नका. निदान पहिल्या दिवशी तरी जेवण नीट होऊ द्या."

ब्रिटिश नागरिकत्वाचा फॉर्म नवऱ्यानं छापून फ्रिजवर लावून ठेवलाय. दोन वर्षं झाली, त्याच्यावर आता दूधवाल्याचा हिशोब आहे.