एलईडी लावा, पण समोरच्याचे डोळे सांभाळा

हंगामात रात्रभर उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. तेव्हा जुन्या बोलेरोच्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब खोचणे आम्हाला मान्य नाही. तो दिवा ६०/५५ वॅटच्या हॅलोजनच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्याच जागेवरून निघाला नाही की झोत फाकतो, थेट गाडीवानाच्या डोळ्यांत जातो. बैल बुजले तर जबाबदार कोण? (ट्रॉलीला रिफ्लेक्टर न लावणारेही यात आलेच.)

खरे दुखणे पुष्कळदा वायरीत असते. जुन्या वायरीत व्होल्टेज मार खाते; रिले टाकला की तोच हॅलोजन लख्ख पेटतो. एलईडीच हवा तर त्याच्यासाठी बनवलेला अख्खा दिवा बसवा, आणि गाडी भिंतीसमोर उभी करून झोत खाली लावून घ्या.