ठेव जिवाची

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली, की घरोघरी यात्रेचे बेत ठरू लागतात. कोणी पालीताण्याला निघते, कोणी सम्मेदशिखरजीला, कोणी श्रवणबेळगोळला. सामान बांधले जाते, शिधा भरला जातो, आणि शेवटी एक प्रश्न उरतो : घरातल्या कुत्र्याला किंवा मांजराला आठ दिवस कोठे ठेवायचे? गिरगाव-लालबागच्या चाळीत हा प्रश्न शेजारच्या बिऱ्हाडाकडे पाहून सुटत असे. बंद दाराच्या सदनिकांत तो पैसे मोजून सोडवावा लागतो. पाळीव प्राण्यांची निवासगृहे, म्हणजे ‘पेट बोर्डिंग’, या गरजेतून वाढली आहेत. दिवसाचे शुल्क भरले, पावती घेतली, की मालक निश्चिंत होतो. त्या मुक्या जिवाचे आठ दिवस कसे जातात, हे मात्र पावतीवर लिहिलेले नसते.

मुक्या जिवांना आसरा देण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. जून 1832 मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाजाने कडाडून विरोध केला. जैन, हिंदू आणि मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 मध्ये, मुंबई पांजरापोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभॉय यांच्या जोडीने त्या कार्यात पुढाकार होता तो शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद, या जैन व्यापाऱ्याचा. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर बांधणारे मोतीशा ते हेच. 1874 मध्ये प्राणी-क्रूरता प्रतिबंधक मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय सुरू झाले. ही सर्व कामे दानातून झाली. आजचे निवासगृह हा व्यवसाय आहे. व्यवसाय म्हटला की खर्च, नफा आणि जागेचे भाडे आले. दयेची जागा तेथे नियमांनी आणि मोजमापाने भरून काढावी लागते.

भायखळ्याहून पूर्वेला गेले की रे रोड लागतो. 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या भागाला मिळाले. दारूखान्याकडे गोदामे, भंगाराचे ढीग, लोखंडाची कापाकापी आणि मालमोटारींची वर्दळ. अशा पट्ट्यातील एखाद्या पत्र्याच्या गाळ्यात निवासगृह थाटायचे कोणी ठरवले, तर काय काय पाहावे लागेल? कागदावर प्रत्येक मानक सारखेच सोपे दिसते. त्याची खरी कसोटी अशा जागी लागते.

प्रथम कायदा पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम 1960 चा आहे. त्याच्या कलम 11 नुसार प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, अवाजवी काळ आखूड साखळीने बांधून ठेवणे आणि मालकाने पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हे अपराध आहेत. पहिल्या अपराधाला दंड मात्र 10 ते 50 रुपये. निवासगृहाचे एका दिवसाचे शुल्कही याच्या कित्येक पट असते. पुढे 2017 मध्ये श्वानप्रजनन व विक्रीचे आणि 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम आले, पण त्यांचा मुख्य रोख प्रजनन आणि विक्री यांवर आहे. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा त्यांच्या केंद्रस्थानी नाही. इंग्लंडमध्ये 1963 पासून अशा निवासगृहांसाठी स्वतंत्र परवाना-कायदा होता, 2018 पासून त्याची जागा नव्या नियमावलीने घेतली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नागराज प्रकरणात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांना मान्यता दिली : भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना व रोगापासून, भीती व तणावापासून मुक्ती, आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक.

जैन श्रावकाला ही यादी परकी वाटणार नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे अतिचार सांगताना शास्त्रकारांसमोर गाय-बैल असतील, पण आजच्या निवासगृहाची तपासणी करण्यास याहून नेमकी पाच कलमे सापडणे कठीण आहे.

पहिला बंध. प्राण्याला किती जागा हवी, हा प्रश्न भावनेचा नाही, गणिताचा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत विक्रेते व संशोधनसंस्था यांच्यासाठी एक सूत्र दिले आहे : कुत्र्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत 6 इंच मिळवावेत आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा. कुत्रा 36 इंच लांब असेल, तर 42 गुणिले 42, म्हणजे 1764 चौरस इंच, अर्थात सव्वाबारा चौरस फूट. पिंजऱ्याची उंची कुत्र्याच्या डोक्यापेक्षा निदान 6 इंच अधिक. चार किलोंहून जड मांजराला 4 चौरस फूट जमीन आणि 24 इंच उंची. हे किमान माप आहे, समाधानाचे नव्हे. एवढ्या जागेत प्राणी वळतो आणि झोपतो, जगत नाही. म्हणून कुत्र्याला दिवसातून अनेकदा बाहेर काढणे आवश्यक. मांजराला जमिनीपेक्षा उंचीवरची फळी आणि लपायला एक खोका अधिक महत्त्वाचा. दोहोंना शेजारी शेजारी ठेवणे ही तर मांजरासाठी शिक्षाच आहे. समोर सतत भुंकणारा कुत्रा असेल तर ते खाणेच सोडते.

वध म्हणजे मारहाण. बिथरलेल्या कुत्र्याला काठी दाखवणारा सेवक हा बहुधा क्रूर नसतो, अप्रशिक्षित असतो. छेद म्हणजे अंगाला इजा. अनोळखी कुत्र्यांना एकाच अंगणात मोकळे सोडल्यामुळे होणाऱ्या झटापटी, गंजलेल्या जाळीचे टोक, घाईत कापलेली नखे, हे सारे त्यात मोडते. अतिभारारोपणाचा अर्थ आज जागेच्या आणि सेवकाच्या बाबतीत लावावा लागेल. दिवाळीच्या सुटीत मागणी वाढते, तेव्हा पंधरांच्या जागेत तीस प्राणी घेतले जातात आणि रात्री सांभाळायला एकच मुलगा उरतो. त्या रात्री आग लागली, तर तो किती पिंजऱ्यांची कडी काढू शकेल? रात्रीचा माणूस, अग्निशामक आणि बाहेर पडायची दुसरी वाट, या तीन गोष्टींविना निवासगृह चालूच नये.

रे रोडसारख्या भागात हवा आणि पाणी यांचा विचार विशेष करावा लागतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड ठेवतो. वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली, खेळती हवा नसेल, तर पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा जीव काही तासांत धोक्यात येतो. पावसाळ्यात धोका बदलतो. गोदामांच्या भागात उंदीर असतातच. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि हा रोग कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. म्हणून जोते उंच, जमीन उताराची आणि न शोषणारी, धान्य झाकणबंद पिंपात, हे नियम प्राण्यांइतकेच तेथील सेवकांसाठीही आहेत.

रोगांचे दुसरे दार म्हणजे पाहुणेच. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. आधी जागा धुऊन, मग एक भाग घरगुती ब्लीच व तीस भाग पाणी हे मिश्रण दहा मिनिटे ठेवावे लागते. मांजरांच्या खोलीत तर फिनेल वापरूच नये. मांजराचे यकृत असे पदार्थ नीट पचवू शकत नाही आणि पाय चाटताना ते थेट पोटात जातात. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो यांच्या लसी आणि मांजरांसाठी पॅनल्यूकोपेनिया व श्वसनरोगांची लस प्रवेशापूर्वी निदान दोन आठवडे दिलेली असावी. मुंबईत पाळीव कुत्र्याचा महापालिकेचा परवानाही बंधनकारक आहे. खोकणाऱ्या, जुलाब होणाऱ्या प्राण्यासाठी वेगळी खोली, वेगळी भांडी आणि शक्यतो वेगळा माणूस हवा. विलगीकरणाची खोली नाही असे जेथे सांगितले जाते, तेथून प्राणी परत घरी आणणेच शहाणपणाचे.

उरला अन्नपाननिरोध, आणि हाच जैन घरांना सर्वांत अवघड आहे. आपल्या घरी अंडे-मांस शिजत नाही. निवासगृहात ते शिजते, त्याच भांड्यातून वाढलेही जाते. कुत्रा संतुलित शाकाहारावर निरोगी राहू शकतो. त्याचे ठरलेले अन्न मोजून, डब्यात भरून, सूचनेसह सोबत दिले तर प्रश्न बहुतांशी सुटतो. अन्न अचानक बदलले तर त्याचे पोट बिघडते, म्हणूनही हे करावे. मांजराचे तसे नाही. टॉरिन नावाचे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते निसर्गतः मांसातून मिळते. दूध-भातावर ठेवलेल्या मांजराची दृष्टी जाऊ शकते, हृदय कमकुवत होते. मांजराला त्याच्या प्रकृतीविरुद्ध आहार देणे हाही अन्नाचा निरोधच नव्हे काय? ज्या घराला हा आहार मनाला पटत नाही, त्याने मांजर पाळण्यापूर्वीच हा विचार करावा. पाळल्यानंतर त्याचा भार मांजरावर टाकू नये. निवासगृहानेही रोज किती खाल्ले याची नोंद ठेवावी. दोन-तीन दिवस न जेवलेल्या मांजराचे यकृत निकामी होऊ लागते, आणि लघवी अडलेला बोका वैद्यकीय मदतीविना दिवस-दोन दिवसांत दगावू शकतो.

नोंद हा शब्द येथे महत्त्वाचा. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या भाषेत ठेवायला दिलेला प्राणी हा निक्षेप आहे. सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी ती ठेवून घेणाऱ्याने घेतली पाहिजे, असे त्याचे कलम 151 सांगते. त्याच अधिनियमातील एका उदाहरणात गाय सांभाळायला दिली आहे. तेथे ती व्याली, तर वासरूही मूळ मालकाला परत करावे लागते. शुल्क घेतले असल्यामुळे ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली सेवेतील त्रुटीची तक्रारही करता येते. पण या साऱ्याला पुरावा लागतो. म्हणून प्रवेशाच्या वेळचे वजन, अंगावरील जखमा, औषधांच्या वेळा, पशुवैद्याचे नाव आणि तातडीच्या उपचाराची लेखी संमती, हे दोघांच्या सह्यांनी लिहिलेले असावे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन आहेत : खोटा लेख आणि ठेवीचा अपहार. न भरवलेल्या जेवणापुढे ‘खाल्ले’ अशी खूण करणारा सेवक एकाच वेळी दोन्ही करतो.

मालकाचे कर्तव्यही शुल्कावर संपत नाही. यात्रेच्या पंधरा दिवस आधी, न कळवता, दुपारच्या वेळी जागा पाहून यावी. स्वागतकक्ष नव्हे, मागची बाजू पाहावी. आत नेण्यास नकार मिळाला, तर तेच उत्तर समजावे. नाकाला अमोनियाचा वास झोंबतो का, पाण्याची भांडी भरलेली आहेत का, प्राणी पुढे येतात की कोपऱ्यात दबून बसतात, एवढे पाहायला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही. मग एक रात्र ठेवून पाहावे आणि दुसऱ्या दिवशी वजन करावे.

पांजरापोळींना हात देणाऱ्या आपल्या संघांना आणखी एक काम करता येण्यासारखे आहे. आपापल्या भागातील निवासगृहांना वर्षातून एकदा पशुवैद्यासह भेट द्यावी, पाच अतिचारांच्या कसोटीवर टिपण करावे, आणि यात्रेच्या मोसमाआधी ते सभासदांना उपलब्ध करून द्यावे. त्याला ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा. एक पशुवैद्य, दोन कार्यकर्ते आणि काही रविवार पुरेसे आहेत. येत्या कार्तिकी पौर्णिमेपूर्वी एखाद्या संघाने हे सुरू केले, तर शिखरजीची टेकडी चढणाऱ्या त्याच्या यात्रेकरूंचे मन मागे राहिलेल्या जिवासाठी तरी अडणार नाही.