पर्जन्यछायेतलं आभाळ

ढग बघायचे असतील तर जुलैत घाटमाथ्यावर जाऊ नये, आमच्या देवळाली प्रवराला यावं. घाटघर-रतनवाडीला पाऊस बघायला जावंच, धबधब्याखाली भिजावं. पण तिथे माणूस ढगाच्या पोटातच उभा असतो. हातभर अंतरावरचा कडा दिसत नाही, तिथे ढगाचा आकार कुठून दिसणार? आमच्याकडे राहुरी तालुक्याच्या या पट्ट्यात रान सपाट आहे आणि चारी बाजूंना क्षितिज मोकळं आहे. सह्याद्रीत बहुतेक पाणी टाकून आलेले ढग डोक्यावरून पूर्वेला निघालेले असतात. ते अख्खे दिसतात, तळापासून माथ्यापर्यंत.

घाटघरला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर आमचं गाव, आणि इथे पाचशेच्या आसपास. कळसूबाई-रतनगडाच्या रांगेवर चढताना अरबी समुद्राची हवा थंड होते आणि पाणी सोडते. अलीकडे उतरताना ती पुन्हा तापते, कोरडी होते. त्यामुळे इथल्या उसाला मिळणारा पाऊस हा मुळात भंडारदऱ्यावर पडलेला असतो. १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणात तो अडतो आणि प्रवरेच्या कालव्याने आमच्यापर्यंत येतो. पाणी आम्हाला पाटाने मिळतं. आभाळ देतं ते मुख्यतः ढग.

हे असं लिहिणं कोणाला दुखेल याची मला कल्पना आहे. ज्याची बाजरी पोटऱ्यात येऊन सुकते आहे, त्याला डोक्यावरून न बरसता जाणारा ढग सुंदर कसा वाटेल? २०२३चा ऑगस्ट आठवा. देशात १९०१पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात आमच्याकडे आभाळ कधीच रिकामं नव्हतं. पश्चिमेचा वारा सपाटून वाहत होता, खालून करड्या ढगांचे तुकडे पळत होते, त्यांच्या सावल्या रानावरून सरकत होत्या. पाटाला आवर्तन कधी सुटणार एवढंच लोक बोलत होते. त्या दिवसांतही मी वर बघत होतो. ढग आवडणं आणि पावसाची काळजी असणं या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदतात, असं माझं ठाम मत आहे. उलट ज्याला काळजी आहे तोच जास्त वेळ बघतो.

आणि आभाळाकडे बघणारा माणूस आपल्याकडे आजचा नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ढगांना गर्भ कधी राहतो याचं अख्खं प्रकरण आहे. गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस, असं त्याचं गणित. सहदेव-भाडळीचे ठोकताळे तर खेड्यापाड्यांत तोंडपाठ होते. मृग कोणत्या वाहनावर येतोय, बेडूक की गाढव, हे पंचांगातून आजही वाचलं जातं. यातले अंदाज किती खरे ठरतात हा वेगळा विषय, मी त्या वाटेला जात नाही. मला मोलाची वाटते ती त्यामागची सवय: रोज, ठरावीक वेळी, वारा कुठून आहे आणि ढग कसे आहेत ते बघण्याची. मोबाइलवर पावसाचा अंदाज आला तसा आपण ती सवय सोडायला लागलो. अंदाज जरूर वाचावा, पण तो वाचून झाल्यावर मान वर करायला कोणी मनाई केलेली नाही.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कालव्याच्या भरावावर संध्याकाळी उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. दूर एखादा जाडजूड ढग असतो आणि त्याच्या तळातून राखाडी झालरी खाली सुटलेल्या असतात. तो पाऊसच असतो. पण नीट बघा, झालरी जमिनीपर्यंत पोचत नाहीत. अर्ध्यावर त्या विरळ होतात, वाऱ्याने एका बाजूला कलतात आणि संपतात. ढगाखालची हवा इतकी तापलेली आणि कोरडी असते, की थेंब वाटेतच वाफ होऊन जातो. कोकणात सहसा न दिसणारं हे दृश्य आमच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला अनेकदा दिसतं. आणि त्यानंतर पाचदहा मिनिटांत अंगावर एकदम गार वारा येतो. थेंब वाफ होताना हवेतली उष्णता घेतो. ती गार झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवरून पसरते. पाऊस लागला नसला तरी त्याचा गारवा असा इथवर पोचतो. आमचे नाना त्या वाऱ्याला छाती उघडी करून बसत आणि म्हणत, "कुठंतरी पडला बघ." बहुतेक वेळा तो कुठेच पडलेला नसे. तरी नानांचं बरोबर होतं, हे मला पुढे कळलं: पाऊस सुटला होता, फक्त पोचला नव्हता.

पावसाने उघडीप दिली की श्रावणात दुसरे ढग येतात. सकाळी आभाळ निळं, अकराच्या सुमारास पांढरे पुंजके उगवायला लागतात. त्यांचे माथे फुगलेले, पण तळ बघितले तर सगळ्यांचे एका पातळीत, सपाट. तापलेली हवा वर चढते आणि एका विशिष्ट उंचीवर इतकी थंड होते की तिच्यातली वाफ थेंब धरते. ती उंची त्या दिवशी साऱ्या शिवारावर साधारण एकच असते. म्हणून तळाला ती रेघ येते. असा एक घन किलोमीटरचा ढग घेतला तर त्यात अंदाजे पाचशे टन पाणी असतं. कारखान्याकडे निघालेले, उसाने गच्च भरलेल्या जोडट्रॉल्यांचे पंचवीसेक ट्रॅक्टर आभाळात तरंगत आहेत, असं समजा. ते खाली पडत नाहीत, कारण हे पाणी अतिशय बारीक कणांत विखुरलेलं असतं आणि खालून चढणारी हवा त्यांना सहज तोलून धरते. पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. हे कळल्यापासून अंगावर पडणाऱ्या पहिल्या थेंबाकडे मी पूर्वीसारखं बघू शकत नाही.

या ढगांना आज जगभर वापरली जाणारी नावं लंडनमधल्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषध बनवणाऱ्या माणसाने १८०२ साली सुचवली. तो हवामानाचा हौशी निरीक्षक होता. १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह निघाला आणि अजूनही त्यात भर पडते आहे. २०१७च्या आवृत्तीत काही नवे प्रकार घेतले, त्यांतल्या एकासाठी तर सामान्य ढगप्रेमींनीच पाठपुरावा केला होता. आपल्याकडे महाबळेश्वरला २०१२पासून ढगांची प्रयोगशाळा आहे. तिथे ढगच जमिनीवर उतरतात, त्यामुळे उपकरणं दारात ठेवून त्यांचे कण मोजता येतात. नावं पाठ असलीच पाहिजेत असं नाही. आभाळाचे मनाने आठ भाग करायचे आणि किती भाग झाकलेत ते ठरवायचं, वेधशाळेतही असंच करतात. शाळेतल्या मुलांना हे एकदा दाखवलं की ती रोज वाद घालतात, पाच की सहा.

सूर्याभोवतीचं खळं मात्र प्रत्येकाने एकदा मोजून बघावं. दुपारी आभाळावर पातळ दुधी पडदा असतो, सावल्या मऊ पडतात आणि सूर्याला मोठं कडं आलेलं असतं. सूर्याकडे थेट बघायचं नाही. हात लांब करून अंगठ्याने सूर्य झाकायचा आणि बोटं ताणून वीत करायची. करंगळीचं टोक बरोबर त्या कड्याजवळ येतं. खळं राहुरीत पडो की रत्नागिरीत, ते वीतभरच असतं. सहासात किलोमीटरच्या वरचे ढग बर्फाच्या सहा बाजू असलेल्या कणांचे असतात, आणि त्यांच्यातून जाणारा प्रकाश बावीस अंशांना वळतो. भर उन्हाळ्यात अंगाची लाही होत असताना डोक्यावर बर्फ असतं, याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही. मध्यंतरी खळ्याचे फोटो फिरले की लोक घाबरून विचारायचे, काही अरिष्ट आहे का. अरिष्ट काही नाही. बघून घ्यावं, तासाभरात जातं.

थंडीत ढग नसतात तेव्हाही सुट्टी नाही. मार्गशीर्ष-पौषात सूर्य मावळला की सगळे पश्चिमेला तोंड करून उभे असतात, तेव्हा पाठ फिरवावी. उगवतीला क्षितिजालगत निळसर काळपट पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा दिसतो. निळा पट्टा ही पृथ्वीची सावली आहे, आपल्याच जमिनीची, हवेवर पडलेली. बघता बघता ती वर चढते आणि दहापंधरा मिनिटांत रात्रीत मिसळून जाते. त्यासाठी मोकळं क्षितिज लागतं, आणि ते आमच्या गावाने भरपूर राखून ठेवलं आहे.

पण सध्या दिवस सप्टेंबरचे आहेत, आणि माझ्या मते वर्षातलं सगळ्यांत चांगलं आभाळ हेच. घाटाकडचा जोर ओसरतो, पश्चिमेचा वारा मंदावतो, बंगालच्या उपसागराकडून ओल येते. जमीन भिजलेली आणि ऊन कडक. आमच्या भागाला जुलैपेक्षा याच महिन्यात जास्त पाऊस मिळतो, तो असा उगवतीकडून, गडगडत. नेवासा, शेवगाव, पाथर्डीवरचे ढग इथून दिसतात, कारण त्यांचे माथे बारा-पंधरा किलोमीटर उंच जातात. रात्री त्यांच्या पोटात वीज पेटते आणि आवाज येत नाही. पंधरा-वीस किलोमीटरपलीकडचा गडगडाट सहसा कानांपर्यंत पोचत नाही. आवाज यायला लागला की वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजावेत, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. आकडा तीसच्या आत आला की भराव सोडून घरात यायचं, झाडाखाली तर मुळीच थांबायचं नाही. दरवर्षी रानात विजेने माणसं जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलवर असू द्यावं.

सूर्य आता उत्तरा नक्षत्रातून हस्तात जाईल. ज्यांची बाजरी खळ्यावर आहे त्यांनी ताडपत्री हाताशी ठेवावी. बाकीच्यांनी चारच्या सुमारास नेवाशाच्या बाजूला एखादा वाढता ढग हेरावा आणि त्याचा माथा सोडू नये. आधी त्याच्या कडा चाकूने कापल्यासारख्या स्वच्छ असतात. मग एका क्षणी वरची कड धूसर होते, तंतू सुटतात आणि माथा आडवा पसरायला लागतो. वरच्या थेंबांचं बर्फ झालेलं असतं. तोवर नेवाशाच्या बाजूला पावसाला बहुधा सुरुवात झालेली असते.