उपजेची भीती कशासाठी?

ख्याल शिकणाऱ्या मुलांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : मंचावर जायचं तर सगळं बसवून जा. आलाप किती आवर्तनं, तार षड्जावर केव्हा पोहोचायचं, ताना कोणत्या, शेवटची तिहाई कुठली, हे सगळं आधी ठरलेलं हवं. ऐन वेळी सुचेल त्यावर, म्हणजे उपजेवर, भिस्त ठेवणं हा बेजबाबदारपणा.

हा सल्ला देणाऱ्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. श्रोता वेळ काढून आलेला असतो. तबलजीशी कधी कधी मंचावरच पहिली गाठ पडते. समोर चार मोबाइल चित्रण करत असतात आणि हुकलेली सम त्याच रात्री यूट्यूबवर जाते. अशा वेळी पाठ तानेचा आधार वाटतो, हे खरं. जुने उस्तादही ठरलेलंच गात, असा दाखलाही दिला जातो. पुरावा म्हणून ७८ आरपीएमच्या तबकड्या पुढे केल्या जातात.

पण त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात राग उभा करायचा तर काय घ्यायचं नि काय गाळायचं हे आधी ठरवणं भागच होतं. ती यंत्राची अट होती. हेच गायक मैफलीत एकेक राग तासभर आळवत. तबकडीवरून त्यांची मैफल मोजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

बसवलेलं गाणं सुरक्षित असतं, हेही मला मान्य नाही. पाठ केलेली तान एक मात्रा उशिरा उचलली गेली, की ती समेच्या पुढे जाऊन आदळते आणि गायकाला ती कुठे मोडावी कळत नाही, कारण तिची घडण त्याच्या हातची नसते. उपजेने गाणारा तीच तान वाटेत आखडतो, एखादी जागा सोडतो आणि समेवर येतो. श्रोत्याला चूक झाल्याचं कळतही नाही. म्हणजे ज्या संकटाच्या भीतीने ताना पाठ केल्या, त्या संकटात पाठांतरच आधी साथ सोडतं.

मुळात ही भीती कशाची? उपज म्हणजे वाटेल ते गाणं, असा एक गैरसमज तिच्या मुळाशी आहे. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाचही स्वर तेच. भूपाची ओढ गंधाराकडे, देशकाराची धैवताकडे. भूप गाताना धैवतावर गरजेपेक्षा जास्त थांबलं, की देशकार डोकावू लागतो. मारवा, पूरिया, सोहनी यांचंही तसंच : स्वर सारखे, चलन वेगळं. हे ज्याच्या कानात मुरलंय त्याला पुढची जागा कोणती हे ठाऊक नसतं, पण कुठे जायचं नाही हे पक्कं ठाऊक असतं. मोकळेपणाने गायला तेवढं पुरतं. हे भान कच्चं असलं की अज्ञात जागेची धास्ती वाटते, आणि वहीत उतरवलेल्या ताना ते भान देत नाहीत, त्याची उणीव तेवढी झाकतात.

कुमार गंधर्वांचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं. मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या हुबेहूब गाणारा मुलगा म्हणून लहानपणीच त्यांचं नाव झालं होतं. तयार गाणं गात राहून त्यांना आयुष्य सुखाने काढता आलं असतं. १९४८ च्या सुमारास क्षयाने गाठलं, देवासला मुक्काम पडला आणि काही वर्षं गाणंच बंद झालं. त्या काळात माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली. आजारातून उठल्यावर एक फुप्फुस निकामी झालेलं असताना त्यांनी जुनं गाणं पुन्हा गिरवण्यात समाधान मानलं नाही. लोकधुनांत दडलेले राग त्यांनी शोधले. मालवती, संजारी, लगनगंधार ही त्यांतली काही नावं. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हे त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्यावर टीका भरपूर झाली, पण ज्याला दम पुरेल की नाही याचीही खात्री नव्हती त्या माणसाने अनिश्चिततेतूनच गाणं उभं केलं, हे टीकाकारांनाही नाकारता येणार नाही.

याचा अर्थ नवख्याने पाठांतर करू नये असा नाही. चीज गुरूच्या गळ्यातून जशी येते तशीच घ्यावी, शंभरदा घोकावी. किशोरीताई आमोणकरांनी घराण्याची चौकट ओलांडली त्याआधी आई मोगूबाई कुर्डीकरांच्या कडक तालमीत त्यांचा गळा घडला होता. माझा आक्षेप पाठांतरावर थांबण्याला आहे. रियाजात रोज थोडा वेळ न ठरवता गाण्यासाठी राखून ठेवता येतो. यमन घ्यावा आणि मंद्र निषादापासून गंधारापर्यंतच फिरत राहावं; त्याच त्या वाक्याकडे पुन्हा वळायचं नाही, एवढीच अट. तबला लावून मुखडा दर वेळी वेगळ्या मात्रेवरून उचलावा. सम हुकेल. हुकू द्यावी, थांबू नये, पुढच्या आवर्तनात मार्ग काढावा. समेवर परतता येतं हे गळ्याला एकदा कळलं, की मंचावरची धास्ती ओसरू लागते. बंद खोलीत जो कधी चुकलाच नाही, त्याला चारचौघांत सावरणं कुठून जमणार?

म्हणून शिकवणाऱ्यांना विनंती आहे : शिष्याच्या वहीत तान लिहून देण्याआधी त्याला त्या रागात दहा मिनिटं एकट्याने चाचपडू द्या, आणि तो अडला तरी लगेच पुढचा स्वर सांगू नका.