तोंडच्या बाजांतील कोमल गांधार

लहान वस्तूस हलकी समजण्याची खोड आपणां सर्वांसच आहे. घरांत सतार आली तर तिला मानाची जागा मिळते. पेटी आली तर तिच्यावर स्वच्छ आच्छादन पडतें. तोंडानें वाजवावयाचा बाजा मात्र मुलाच्या खिशांत पेन्सिलीच्या तुकड्यांशेजारीं पडून असतो, आणि परीक्षा जवळ आली कीं वडिलांच्या कपाटांत कुलुपबंद होतो. हें वाद्य म्हणजे खेळणें, अशी पालकांची समजूत. आणि चित्रपटांतील दोन चाली निघाल्या कीं तें आपणांस आलें, अशी मुलांची. या दोन्ही समजुती आम्हांस चुकीच्या वाटतात. त्या कां चुकीच्या आहेत तें एका लहानशा प्रसंगावरून सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत येरवड्यांतील एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. चिरंजीवांची तक्रार अशी कीं, "सर, माझ्या बाजांत एक सूर नाहींच. दुकानदारानें फसविलें." त्यास काफीच्या वळणाचें एक भजन वाजवावयाचें होतें. षड्ज व ऋषभ ठीक जमत. परंतु त्यापुढें जो गांधार निघे, तो भजनांतल्याहून चढा लागे. वडिलांनीं नवा बाजा घेऊन द्यावा, हा त्याचा हट्ट. वडील म्हणाले, "सर, नवा घेतला तर त्यांतही महिन्याभरानें एखादा सूर कमी पडेल. हा नाद सोड म्हणून तुम्हीच त्याला सांगा." पितापुत्र दोघेही रागावलेले होते. आम्हीं बाजा वाजवून पाहिला. त्यांत कोठेंही बिघाड नव्हता.

या वाद्याची रचना मुलांनीं समजून घेण्याजोगी आहे. साध्या बाजास दहा छिद्रें असतात व आंत वीस धातूच्या पत्त्या. प्रत्येक छिद्रांत फुंकल्यास एक सूर निघतो, श्वास आंत ओढल्यास दुसरा. चौथ्या छिद्रांत फुंकून सा, ओढून रे. पांचव्यांत फुंकून ग, ओढून म. सहाव्यांत फुंकून प, ओढून ध. सातव्यांत मात्र क्रम उलटतो, ओढून नि व फुंकून वरचा सा. असें हें मधलें सप्तक पूर्ण आहे. खालच्या सप्तकांत मध्यम व धैवत नाहींत, वरच्यांत निषाद नाहीं. जे आहेत ते सारे शुद्ध स्वर, म्हणजे आपला बिलावल थाट. कोमल वा तीव्र स्वर नव्या शिकाऊस त्यांत कोठेंच दिसत नाहीं. तेव्हां मुलाची तक्रार अगदींच निराधार नव्हती.

आम्हीं त्यास विचारलें, "सा येथूनच म्हटला पाहिजे असें तुला कोणीं सांगितलें?" मग चौथ्या छिद्रांतून ओढून निघणारा जो रे, त्यासच सा मानून चढावयास सांगितलें. त्यानें तो सूर धरला. पांचव्यांत फुंकला, पांचव्यांत ओढला, आणि थांबला. जो कोमल गांधार बाजांत नाहींच अशी त्याची खात्री होती, तोच त्याच्या ओठांवर होता! वडिलांनीं इतकेंच विचारलें, "म्हणजे सूर यांतच होता?"

होय, यांतच होता. सप्तक म्हणजे सारख्या उंचीच्या पायऱ्यांचा जिना नव्हे. ग व म यांच्यामध्यें, आणि नि व वरचा सा यांच्यामध्यें अंतर अर्ध्या स्वराचें असतें. बाकीच्या पायऱ्या पूर्ण उंचीच्या. निराळ्या पायरीवरून चढूं लागल्यास त्या दोन ठेंगण्या पायऱ्या निराळ्या जागीं लागतात, आणि गाण्याचा चेहरा बदलतो. रे पासून निघाल्यास काफी, ग पासून भैरवी, म पासून कल्याण, प पासून खमाज, ध पासून आसावरी. पाश्चात्य संगीतांत ज्यास नैसर्गिक मायनर म्हणतात, तो हाच आसावरी थाट. नि पासून निघाल्यास शुद्ध पंचमच सांपडत नाहीं, म्हणून तो आपल्या थाटांत बसत नाहीं. षड्ज हलवून नवें सप्तक साधण्याच्या या रीतीस आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात, व तिचें विवेचन भरताच्या नाट्यशास्त्रांत आहे. व्यवसायानें वकील असलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं १९१० सालापासून मराठींत ग्रंथ लिहून हिंदुस्थानी रागांची मांडणी दहा थाटांत केली. त्या दहांपैकीं सहा थाट शाळकरी मुलाच्या खिशांत मावतात, हें कितीजणांच्या ध्यानांत येतें?

येथें आपल्या गांवची एक गोष्ट आठवते. १९३० सालीं महात्मा गांधी येरवड्याच्या कारागृहांत असतांना त्यांनीं आश्रम-भजनावलींतील पदें इंग्रजींत उतरविलीं. त्या भजनावलीचें संकलन करणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. भजन भक्तीचें असलें तरी स्वराच्या शिस्तीवांचून तें उभें राहत नाहीं, हें अशा गुरुशिष्यांनीं देशास शिकविलें. 'वैष्णव जन' हें भजन खमाजाच्या वळणानें गातात. सहाव्या छिद्रांत फुंकून षड्ज धरणाऱ्या मुलास तें वळण आपल्या बाजावर शोधतां येईल.

पाश्चात्यांचें ऐकून पुष्कळ मुलें असें समजतात कीं मेजर म्हणजे आनंद व मायनर म्हणजे शोक. ही समजूत आपल्या संगीतास लागू पडत नाहीं. होळीचा रंग काफींतच खुलतो. रात्रभर रंगलेल्या मैफलीची सांगता भैरवीनें होते, आणि श्रोते तृप्त होऊन घरीं जातात. कोमल स्वर म्हणजे रडका स्वर नव्हे.

अभ्यासाविषयीं एकच सूचना. नुसता आरंभ निराळ्या छिद्रापासून केल्यानें नवा थाट साधत नाहीं. कान जुन्या षड्जाकडे धांव घेतो. म्हणून मित्रानें पेटीवर नवा षड्ज दाबून धरावा, व वाजविणारानें प्रत्येक स्वरावरून पुन्हां त्याच्याकडे यावें. महिन्यास एक थाट, तोही विलंबित. ज्यास घाई आहे त्यास सहाही थाट सारखेच वाटतील.

बाजाची मर्यादाही लपवून ठेवूं नये. भैरव, पूर्वी, मारवा व तोडी हे चार थाट षड्ज हलवून मिळत नाहींत; कोमल गांधार, कोमल धैवत व शुद्ध निषाद यांचा कीरवाणीही मिळत नाहीं. त्यासाठीं श्वास वळवून सूर उतरविण्याची कला साधावी लागते, किंवा बाजूस कळ असलेला मोठा बाजा लागतो. मींड व श्रुति यांचा प्रश्न तर पेटीसही सुटलेला नाहीं. याच आक्षेपामुळें १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीस बंदी केली, आणि ती १९७१ पर्यंत पूर्णपणें टिकली. तो आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु याच पेटीस गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतानें स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला, हेंही तितकेंच खरें. वाद्याची उणीव ओळखून तें वाजविणें आणि उणीव आहे म्हणून तें टाकून देणें, यांत फार अंतर आहे.

आमचें म्हणणें इतकेंच. पालकहो, मुलाच्या हातीं बाजा दिसल्यास तो काढून घेण्यापूर्वीं, "आज कोणता थाट?" एवढें विचारा. ज्यांच्या घरीं पेटी घेण्याची वा शिकवणी ठेवण्याची ऐपत नाहीं, त्यांच्या मुलांस स्वरज्ञानाचें हें दार थोडक्या पैशांत उघडें आहे. आणि विद्यार्थ्यांनो, सूर सांपडत नाहीं म्हणून दुकानदारास दोष देण्यापूर्वीं आपला षड्ज बदलून पाहा. त्या मुलास नवा बाजा मिळाला नाहीं. तो जुन्यावरच सध्यां भैरवी घोटीत आहे. ग पासून निघतांना त्याचा कान अजून जुन्या षड्जाकडे ओढ घेतो. तेव्हां वडील शेजारीं बसून पेटीचा एक सूर दाबून धरतात.