आगगाडी मुलाने चालवावी, बॅटरीने नव्हे

वाढदिवस जवळ आला की आई-बाबा हमखास विचारतात, "डॉक्टर, दीड वर्षाच्या मुलाला बसून चालवायची बॅटरीवाली आगगाडी घेऊ का?" माझं उत्तर स्पष्ट आहे: नको. पायाने ढकलायची घ्या.

नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये टॉय ट्रेनमध्ये बसणं ही सुट्टीची मजा. रोजच्या खेळात मात्र मूल प्रवासी नको, इंजिन हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. बटण दाबून बसलेल्या मुलाचे पाय काय करतात? काहीच नाही. जमिनीला रेटा देताना मात्र स्नायू, तोल, वळणाचा अंदाज, सगळंच कामाला लागतं. महागडी गाडी पाहून शेजारी खूश होतील. मुलाच्या पायांना त्याचा उपयोग नाही.

घेण्याआधी मुलाला बसवून पाहा. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. आयएसआय चिन्ह बघा; २०२१ पासून ते खेळण्यांवर बंधनकारक आहे. गाडी शिट्टी वाजवत असेल, तर सेलचं झाकण स्क्रूने बंद हवं. गिळलेला बटण सेल अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालय गाठा.

आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा रॅम्पवर ही आगगाडी नकोच. मागे येणाऱ्या कारच्या ड्रायव्हरला एवढंसं मूल दिसत नाही.