वाढीच्या ताळेबंदातील कोरा रकाना

डोंगरावरचे जंगल तोडले, की लाकडाची किंमत त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते. पुढे उघड्या डोंगराची माती नदीपात्रात साचते, पूर येतो, घरे पडतात. ती पुन्हा बांधण्याचे कामही उत्पन्नातच धरले जाते. गेलेले जंगल मात्र कोठेच खर्ची पडत नाही. भांडवल मोडून खाणाऱ्या व्यापाऱ्याला आपण दिवाळखोर म्हणतो. राष्ट्राने तेच केले, तर त्यास विकास म्हणतो.

चीनला हा धडा फार महागात पडला. १९९८ साली यांगत्से व इतर नद्यांच्या महापुरांत हजारो माणसे दगावली. वरच्या खोऱ्यांतील वृक्षतोड हे त्याचे एक कारण मानून सरकारने तेथील नैसर्गिक जंगलांच्या तोडीवर बंदी घातली आणि उतारावरची शेती सोडून झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला दिला. निसर्गाकडून मिळणाऱ्या लाभांची पुढे देशभर मोजणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. २००० ते २०१० या दशकात अन्नोत्पादन ३८.५ टक्क्यांनी, मृदासंधारण १२.९ टक्क्यांनी आणि पूर थोपविण्याची निसर्गाची क्षमता १२.७ टक्क्यांनी वाढली. याच काळात राष्ट्रीय उत्पन्नही झपाट्याने वाढत होते. तेव्हा विकासासाठी निसर्ग गमवावाच लागतो, हा समज टिकत नाही.

परंतु त्याच तक्त्यात एक आकडा उतरता आहे. वन्य जीवांना मिळणारा आसरा ३.१ टक्क्यांनी घटला. सर्व लाभांची पैशात बेरीज करून एकच आकडा मांडला, तर अशी घट त्यात सहज बुडून जाते. नष्ट झालेली प्राणिजात जादा धान्याने परत येत नाही. म्हणून रकाने वेगळेच ठेवले पाहिजेत.

आपल्याकडेही केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून पर्यावरणाचे लेखे प्रसिद्ध करीत आले आहे. तथापि अर्थसंकल्पाच्या चर्चेत गाजतो तो वाढीचा दर. हे लेखे अर्थसंकल्पाबरोबरच विधिमंडळापुढे का ठेवू नयेत? कोणत्या जिल्ह्यात उत्पन्न वाढले आणि तेथील माती, पाणी व जंगल यांचे काय झाले, हे लोकप्रतिनिधींना एकाच पानावर दिसले पाहिजे. केवळ मोजणीने जंगल वाचत नाही, हे खरे. पण जे मोजलेच नाही, त्याचा तोटा जाब विचारण्याच्या वेळी कोणाच्याच नावावर मांडता येत नाही. चीनला मोजणीचे महत्त्व पुराने पटविले. सह्याद्रीच्या पाण्यावर जगणाऱ्यांनी तशा पुराची वाट पाहू नये.